तराजूकाकांचा जबडा

तराजूकाकांच्या बायकोने त्यांची खोली सोडली ती भांडून नव्हे. भांडून गेली असती तर समजूत काढता आली असती. झालं असं की काकांना सर्दी झाली होती, लेक नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेल्यामुळे तिची खोली रिकामी होती, आणि काकू म्हणाल्या, "दोन दिवस मी तिकडे झोपते. तुमचं नाक मोकळं झालं की येते."

नाक मोकळं झालं. काकू आल्या नाहीत. आधी उशी गेली होती, मग पांघरूण गेलं, मग चष्म्याचं घर, मग गजराचं घड्याळ. एका रविवारी काकांनी सदरा काढायला कपाट उघडलं, तर अर्ध्या कपाटात नुसते हँगर एकमेकांवर आपटत होते. माणूस एकदम जात नाही, सामानासामानाने जातो, हे काकांना तेव्हा उमगलं. पण तोवर हरकत घ्यायची मुदत उलटून गेली होती.

तराजूकाका हे नाव इमारतीतल्या पोरांनी ठेवलेलं. काका सरकारी वजनमापं कार्यालयात निरीक्षक होते. कुठल्या दुकानाच्या काट्यावर शिक्का मारायचा आणि कुठला काटा जप्त करायचा, हे त्यांच्या हातात होतं. ते नुसते बाजारातून चालत गेले तरी दुकानदार उगाचच पारडी पुसायला लागत. बोलणं मोजकं, पाठ ताठ, आणि पन्नाशी उलटून गेली तरी बत्तीसच्या बत्तीस दात जागेवर. या शेवटच्या गोष्टीचा त्यांना जरा जास्तच अभिमान होता.

असा माणूस बायकोची आठवण काढत एकटा पलंगावर पडतो, हे कुणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. बायको तर भिंतीपलीकडेच होती. पण काकांना जी हवी होती ती भिंतीपलीकडे मिळत नव्हती. काकूंचे पाय बारा महिने गार. अंथरुणाला पाठ टेकली की त्या ते गार पाय काकांच्या पोटऱ्यांना लावत आणि काका कुरकुरत, "अगं, पाय आहेत की फरशी?" आता कुरकुरायला कारणच उरलं नव्हतं. शिवाय डोळे मिटता मिटता काकू काहीबाही बोलत. टाकी धुवायला माणूस यायचाय. लेकीचा आवाज आज उतरल्यासारखा वाटला का हो. हेच सगळं त्या आता सकाळी चहाबरोबर सांगत, आणि चहाबरोबर सांगितलं की ते हुकूम वाटत.

कारण उघड होतं. काका घोरत. किती घोरत ते कळलं खालच्या मजल्यावरच्या मॅनेजरांमुळे. हे गृहस्थ बँकेतून निवृत्त झाले होते. बँकेने त्यांना सोडलं होतं, मॅनेजरकीने सोडलं नव्हतं. एका सकाळी ते वर आले, खुर्चीत बसले आणि अदबीने म्हणाले, "तुम्ही पाण्याचा पंप बसवलाय ना, तो रात्री चालतो. माझी तक्रार नाही हं. फक्त बेअरिंग गेलंय बहुतेक, तेवढं बघून घ्या."

"आमच्याकडे पंप नाही," काका म्हणाले.

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "पंप नाही हो मॅनेजर. ते हे आहेत."

काकूंनी हे रागाने म्हटलं नाही. कुणी पत्ता विचारावा आणि आपण सांगावा, तसं म्हटलं. त्यामुळे ते जास्त लागलं.

त्या दिवशी ऑफिसला जाताना काकांनी मनाशी हिशेब मांडला. एका पारड्यात घोरणं, दुसऱ्या पारड्यात काकू. पहिल्यातलं वजन उचललं की दुसरं आपोआप खाली आपल्याकडे येणार. हिशेब इतका सरळ होता की इतके दिवस आपल्याला सुचला कसा नाही याचंच त्यांना आश्चर्य वाटलं. मात्र हे कुणाला सांगायचं नाही, काकूंना तर नाहीच. एके दिवशी गुपचूप घोरणं बंद होईल आणि काकू उशी घेऊन दारात उभ्या राहतील, असं चित्र त्यांनी मनात रंगवून ठेवलं.

गुपचूप हा शब्द त्या इमारतीत फार काळ टिकणारा नव्हता. मॅनेजरांनी प्रश्न स्वतःच्या अखत्यारीत घेतला. "बनियनच्या पाठीला टेनिसचा चेंडू शिवा," ते म्हणाले. "उताणे झालात की टोचेल. झोपेत माणूस आपोआप कुशीवर वळतो." काकांनी चेंडू शिवला. झोपेत ते आपोआप कुशीवर वळले, तिथून पुढे आणखी एकदा वळले, आणि थेट जमिनीवर आले. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने नाकावर लावायच्या पट्ट्या दिल्या. त्या काकांनी इमानाने लावल्या आणि एकदा काढायच्या विसरून ऑफिसला गेले. समोरच्या बिऱ्हाडातल्या आजोबांनी फुगे फुगवायला सांगितलं. घशाला व्यायाम होतो म्हणे. घरात फुगे बघून काकूंनी विचारलं, "कुणाचा वाढदिवस?"

शेवटी काकांनी सरकारी इस्पितळातल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना गाठलं. डॉक्टरांनी घसा बघितला, मान मोजली, आणि एका रात्रीपुरतं बोटाला, छातीला आणि नाकाशी वायरी लावायचं एक यंत्र घरी दिलं. सकाळी ते परत केल्यावर डॉक्टरांनी कागद बघून चष्मा काढला.

"घोरणं सोडा हो," ते म्हणाले. "झोपेत तुमचा श्वास थांबतो. घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे पडते, वाट बंद. मग मेंदू दचकून जागा करतो आणि पुन्हा सुरू. दिवसा पेंग येते ती यामुळेच. रक्तदाब, हृदय, सगळ्यावर ताण येतो." तासाभरात किती वेळा थांबतो तेही त्यांनी सांगितलं. काकांनी आकडा पुन्हा विचारला. मोजमापातली चूक पकडायची त्यांना जन्माची सवय होती. चूक नव्हती.

घरी येताना काका बसमध्ये खिडकीशी बसले आणि त्यांना आठवलं, पूर्वी रात्री मध्येच काकूंचं कोपर बरगडीत बसायचं. त्या ते रागाने मारतात असं आपण समजत होतो. त्या कोपराने आपल्याला किती वेळा परत आणलं असेल कुणास ठाऊक. आता श्वास थांबतो तेव्हा शेजारी कुणी नसतं. हे काकूंना सांगितलं तर त्या आजच्या आज येतील, हेही त्यांना माहीत होतं. पण पहाऱ्यावर आलेली बायको त्यांना नको होती. म्हणून त्यांनी घरी एवढंच सांगितलं, "डॉक्टर म्हणाले, थकवा आहे. उपचार करू."

पहिला उपचार म्हणजे मुखवटा. नाकावर घट्ट बसणारा, त्याला सोंडेसारखी नळी, आणि नळीच्या टोकाला रात्रभर हवा फेकणारी पेटी. डॉक्टरांच्या मते यासारखा खात्रीचा इलाज नाही. काकांनी तो लावून आरशात पाहिलं. विहिरीत उतरायला निघालेला माणूस वाटत होता. सकाळी काकू हाक मारायला आल्या आणि दारातूनच दोन पावलं मागे सरल्या. काकांनी मुखवट्यातून पाहिलं ते त्यांच्या काळजात रुतलं. श्वासाची सोय झाली तरी या सोंडेशेजारी येऊन कोण झोपणार? शिवाय नळी उशीखाली अडकून त्यांचा जीव खरोखरच घुसमटे. बरेच दिवस झगडून ते पुन्हा डॉक्टरांपुढे बसले.

"दुसरं काही?"

"आहे," डॉक्टर म्हणाले. "तुमचा त्रास मधल्या पायरीवरचा आहे, तुम्हाला चालू शकेल. दातांवर बसवायचं उपकरण असतं. वर एक साचा, खाली एक. खालचा जबडा थोडा पुढे धरून ठेवतं, म्हणजे जीभ मागे पडत नाही. पण तुमच्याच दातांच्या मापाचं करून घ्यावं लागतं, आणि नंतर चाचणी पुन्हा करायची, काम करतंय की नाही बघायला."

माप हा शब्द ऐकून काकांना बरं वाटलं. आता गोष्ट आपल्या खात्यात आली.

इस्पितळाचा दंतविभाग मागच्या इमारतीत होता. तिथल्या खिडकीतल्या बाईंनी कागद बघितला आणि परत केला.

"हे झोपेचं आहे. आमच्याकडे दात."

"दातातच बसवायचंय ते."

"दात दुखतोय का?"

"नाही."

"मग दुखत नसलेल्या दाताचा केसपेपर कसा काढू? झोपेचं पुढच्या इमारतीत."

पुढच्या इमारतीतल्या खिडकीत एक गृहस्थ होते. त्यांनी कागद उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. "साचा म्हणजे दातांचाच ना? मग दात मागे." काका मागे गेले, पुढे आले, पुन्हा मागे गेले. शेवटी त्यांनी दंतविभागाच्या खिडकीत गाल धरून सांगितलं, "दात दुखतोय." केसपेपर लगेच निघाला. आयुष्यात सरकारी खिडकीशी खोटं बोलायची त्यांची ही पहिलीच वेळ, आणि तीही बत्तीस निर्दोष दातांच्या नावाने.

ऑफिसातही तसंच. हेडक्लार्कने रजेचा अर्ज वाचून मान हलवली. "साहेब, झोपेसाठी रजा कुठल्या नियमात बसवू? झोप तर लोक इथेच घेतात." काकांनी 'दंतोपचार' असं लिहून दिलं आणि संध्याकाळपर्यंत ऑफिसभर झालं, की साहेबांचे दात गेले.

आत दातांची डॉक्टरीण होती, लेकीच्याच वयाची. तिने काकांचे दात टिचकी मारून पाहिले आणि म्हणाली, "काका, वरून छान दिसतायत, पण उपकरण घट्ट धरायला दात आधी ठणठणीत हवेत. ही दाढ आतून किडलीय. ही हिरडी सैल आहे. आणि ही अक्कलदाढ आडवी आहे, ती काढून टाकू."

घोरणं काढायला गेलेले काका अक्कलदाढ काढून आले. बत्तीसचे एकतीस झाले, एका दाढेवर टोपी चढली, आणि हिरड्यांची सफाई झाली. मग एकदाचं माप घ्यायचा दिवस उजाडला. डॉक्टरीणबाईंनी कसलासा गार, गुलाबी लगदा भरलेला ट्रे तोंडात सारला आणि म्हणाल्या, "नाकाने श्वास घ्या, मस्त काहीतरी आठवा." काकांनी डोळे मिटले. त्यांना जे मस्त आठवलं ते आठवून त्यांना एकदम भरून आलं, घशाशी आवंढा आला, लगदा मागे सरकला आणि पुढचं सगळं त्यांच्या सदऱ्यावर झालं. माप पुन्हा घ्यावं लागलं. या खेपेला त्यांनी मुद्दाम ऑफिस आठवलं.

उपकरण तयार होऊन आलं ते तोंडात जाईना. काकांनी दाबून बघितलं, डॉक्टरीणबाईंनी दाबून बघितलं. दुसऱ्याच्या चपलेत पाय घातल्यावर जे वाटतं ते काकांना तोंडात वाटलं. "हे माप माझं नाही," ते ठामपणे म्हणाले, आणि हे म्हणताना त्यांचा निरीक्षकाचा सूर लागला. डबी उलटी केली तर खरंच वर दुसऱ्याच पेशंटचा नंबर निघाला. म्हणजे काकांचा जबडा कुठल्यातरी परक्या माणसाकडे गेला होता आणि तोही बिचारा तो घालायचा प्रयत्न करत असणार. तो परत मिळवून, निर्जंतुक करून, पुन्हा घासूनपुसून यायला आणखी बरेच दिवस गेले. तोवर काका पंपासारखे चालूच होते.

अखेर आपला जबडा आपल्याला मिळाला. पारदर्शक, वर आणि खाली, दोन्ही बाजूंना बारीक स्क्रू. छोट्या किल्लीने स्क्रू फिरवत जबडा हळूहळू पुढे आणायचा, एकदम नाही. काकांना ते फार आवडलं. इतक्या नाजूक मापाचं काम त्यांच्या ऑफिसातही नव्हतं.

पण डबी आली तशी बातमीही आली. औषधवाल्याने चार गिऱ्हाइकांसमोर विचारलं, "काका, कवळी साफ करायच्या गोळ्या देऊ का? नवी आहे ना, काळजी घ्या." कवळी नाही, असं काकांनी सांगितलं. सांगताना नव्या जबड्याच्या दाबाने गाल सुजलेला होता, त्यामुळे कुणाला पटलं नाही. समोरच्या आजोबांनी तर हात हातात घेऊन सांगितलं, "पहिले सहा महिने परकी वाटते. मग आपलीच होते." इमारतीतल्या बायका काकूंना म्हणू लागल्या, भाजी जरा जास्त शिजवत जा. आणि काकू, नवऱ्याची बाजू घ्यायची सोडून, खरंच जास्त शिजवू लागल्या.

"सवय व्हायला दिवसा तासभर घालून बसा," असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. घरी काकूंसमोर तसं बसायची सोय नव्हती, म्हणून काका ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत दार लोटून जबडा घालून बसत. असेच बसले असताना एक हार्डवेअरवाला काट्यावर शिक्का मारून घ्यायला आत शिरला. काकांनी जबडा काढायला बोटं तोंडात घातली. निघेना. नवा होता, घट्ट होता, आणि परक्या माणसासमोर जास्त ओढाताण करणं शोभलं नसतं. त्यांनी रुमालाने ओठ टिपले आणि नुसतं खुर्चीकडे बोट दाखवलं.

हार्डवेअरवाला बसला. त्याने समोर पाहिलं. साहेबांचा खालचा जबडा पुढे आलेला, ओठ आवळलेले, डोळे रोखलेले, नाकातून श्वास सूं सूं चाललेला. एक अक्षर बोलत नाहीत.

"काटा आणलाय साहेब," तो म्हणाला.

काका गप्प.

"नवाच आहे. म्हणजे तसा नवाच."

काकांनी लाळ गिळली. ती गिळताना जबडा आणखी थोडा पुढे आला.

"साहेब, असं बघू नका," हार्डवेअरवाल्याचा आवाज खाली गेला. "तुम्हाला कुणी सांगितलं ते मला कळलंय. पारड्याखाली लोहचुंबक आहे. खिळे जरा जड भरतात. पण मी लावलं नाही, मेव्हण्याने लावलंय. मी काढतो. आत्ता तुमच्यासमोर काढतो."

त्याने काटा उलटा केला आणि चुंबक टेबलावर ठेवलं. काकांची एक टाचणी उडून त्याला चिकटली. नंतर ही गोष्ट वरच्या साहेबांपर्यंत गेली आणि त्यांनी भर बैठकीत सांगितलं, की चौकशी कशी करावी हे यांच्याकडून शिका, एक शब्द न बोलता माणूस फोडला. काकांनी नम्रपणे मान लववली. आयुष्यातलं सगळ्यात मोठं कौतुक ज्या कारणाने झालं ते कारण डबीत ठेवून खिशात होतं आणि कुणाला सांगता येत नव्हतं. घरी गेल्यावर काकूंना सांगावंसं वाटलं. पण अशा गोष्टी चहाबरोबर सांगायच्या नसतात, पाठ टेकल्यावर सांगायच्या असतात.

इकडे जबडा केसाकेसाने पुढे येत होता आणि पंप केसाकेसाने मंदावत होता. सकाळी उठल्यावर खालचे आणि वरचे दात काही वेळ एकमेकांना ओळख देत नसत. चावायला गेलं की भलतेच दात भेटत. डॉक्टरीणबाईंनी त्यासाठी व्यायाम दिला होता. पण दिवसाची पेंग गेली. बसमध्ये स्टॉप चुकेनासा झाला. आणि एका सकाळी मॅनेजर वर आले.

"पाणी येतंय ना तुमच्याकडे?" त्यांनी काळजीने विचारलं. "पंप बंद दिसतोय."

काकांना गळ्यात हार पडल्यासारखं झालं. पुन्हा केलेल्या चाचणीत श्वासाचा आकडाही चांगला खाली आला. डॉक्टर म्हणाले, "हे रोज घालायचं, सोडायचं नाही, आणि मधून मधून दाखवायला यायचं." काकांनी कागद घडी घालून खिशात ठेवला आणि वाटेत एक नवी उशी घेतली. घरी येऊन त्यांनी पलंगाची चादर बदलली. काकूंच्या बाजूला वर्तमानपत्रांचा ढीग साठला होता तो उचलला. कपाटातले आपले सदरे दाटीवाटीने सरकवून अर्धी जागा मोकळी ठेवली.

काकूंनी नवी उशी पाहिली. "छान झालं हो," त्या म्हणाल्या. "दोन उश्या घेऊन पडलात की मान वर राहील. चेहराही उजळलाय तुमचा." आणि ओटा पुसून आपल्या खोलीत निघून गेल्या.

काका वाट बघत राहिले. आज नाही तर उद्या. कदाचित काकूंना अजून खात्री वाटत नसेल. कदाचित सामानासामानाने गेलेलं माणूस सामानासामानानेच परत येत असेल, म्हणून ते रोज बघत, चष्म्याचं घर आलं का, घड्याळ आलं का. काही आलं नाही. काट्यात कुठेच खोट नव्हती आणि पारडं खाली येत नव्हतं.

एका रात्री काकू पाण्याची बाटली घेऊन दारावरून जाताना थांबल्या. "झालं का सगळं? दार लोटू?" काका जबडा घालून आडवे झाले होते. त्यांनी सगळं बळ एकवटलं आणि विचारलं, "तू इकडे कधी येणार?"

पण जबडा पुढे असला की 'तू'चा 'दू' होतो.

"दूध?" काकू म्हणाल्या. "आत्ता? बरं, आणते."

त्या कोमट दूध घेऊन आल्या. काकांनी जबडा काढला, डबीत ठेवला आणि दूध प्यायले. काकूंनी रिकामा पेला घेतला, कपाळाला हात लावून बघितला, "पोट बरं आहे ना?" असं विचारलं आणि दार लोटून गेल्या. जबडा काढलेला होता, तोंड मोकळं होतं, माणूस समोर उभं होतं. पण एकदा एकवटलेला धीर दुधाबरोबर पोटात गेला होता.

रविवारी लेकीचा फोन आला. "बाबा, घोरणं थांबलं म्हणे. आई सांगत होती. मग आवाज असा का तुमचा?"

"असा म्हणजे कसा? नेहमीचाच आहे."

लेकीने विचारलं, "आई अजून माझ्याच खोलीत झोपते का?"

"हो."

"तुम्ही विचारलंत तिला?"

"विचारलं."

"काय म्हणाली?"

"दूध दिलं."

झाला प्रकार कळल्यावर लेक हसली नाही, हे तिचे उपकार. ती म्हणाली, "बाबा, दिवसाढवळ्या विचारा. आणि ते तोंडातलं काढून विचारा."

दुपारी काकांनी चूळ भरली, केस विंचरले आणि लेकीच्या खोलीच्या दारावर टकटक केली.

"कोण?" आतून काकूंनी विचारलं.

घरात दोनच माणसं असताना या प्रश्नाचं काय उत्तर द्यावं ते काकांना सुचेना. "मी," ते म्हणाले.

या खोलीत ते पंखा दुरुस्त करायला नाही तर माळ्यावरची बॅग काढायला येत. बसायला असे कधी आले नव्हते. खिडकीखाली अरुंद पलंग. उशाशी वाकड्या मानेचा टेबलदिवा, त्यावर जुन्या ओढणीचा तुकडा. वाचनालयातली जाडजूड रहस्यकथांची चळत, बशीत शेंगदाणे, गादीवर शेंगदाण्यांची फोलपटं. काकू पाय पोटाशी घेऊन वाचत होत्या. त्यांनी पानात बोट ठेवलं आणि वर बघितलं. काका उभेच होते.

"बसा की."

काका खुर्चीच्या कडेला बसले. "माझं घोरणं थांबलं," ते म्हणाले.

"हो. कितीतरी दिवस झाले."

"मग तू तिकडे का येत नाहीस?"

विचारून झालं. काकूंनी चष्मा काढून पदराने पुसला.

"घोरण्यामुळे मी आले हे खरं," त्या म्हणाल्या. "पण राहिले ती दिव्यामुळे."

"कसल्या दिव्यामुळे?"

"आपल्या खोलीतल्या दिव्याचं बटण तुमच्या बाजूला आहे. लग्न झाल्यापासून तुम्ही वेळ झाली की टक् करून बंद करायचात. मी ओळीच्या मध्ये असायची. रोजच. राग नव्हता मला, सवय झाली होती. इथे आले तेव्हा पहिल्या रात्री पुस्तक संपवूनच झोपले. तुमचं नाक मोकळं झालं तरी मला दुसरं पुस्तक हातातून सोडवेना. आणि मग तेच."

बाजारातल्या काट्यांमधला केसाएवढा फरक ज्यांनी पकडला, त्या काकांना पलंगाची एक बाजू दुसरीपेक्षा जड आहे हे इतकी वर्षं दिसलं नव्हतं. "बटण तुझ्या बाजूला घेतो," ते म्हणाले. "वायरमनला उद्याच सांगतो."

"नको हो. मला ही खोली हवीय. शेंगदाण्यांसकट." मग त्यांचा चेहरा बघून काकू जरा पुढे झुकल्या. "आणि मी येत नाही असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"म्हणजे?"

"पूर्वी आवाज मध्येच थांबायचा, मला भिंतीपलीकडून कळायचं. पुन्हा सुरू होईपर्यंत मी दारात येऊन उभी राहायची. तुम्ही डॉक्टरांचं मला सांगितलं नाहीत, पण मला ठाऊक होतं. आता तर आवाजच येत नाही. म्हणून झोपण्याआधी एकदा येऊन बघते. पांघरूण सारखं करते, थोडा वेळ शेजारी पडते. तुम्ही वळलात की परत जाते."

"रोज?"

"रोज."

"मला कसं कळलं नाही?"

"अहो, तुम्ही झोपलेले असता. गाढ. बिचाऱ्या डॉक्टरीणबाईंनी एवढा खटाटोप केला तो कशासाठी?"

काकूंनी पानातलं बोट काढलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "वाचून दाखवू? बागवानाला कुणी मारलं ते अजून कळलेलं नाही." काकांनी मान डोलावली. खुर्ची पुढे ओढली. दोन पानं झाली नाहीत तोच त्यांची मान कलली आणि पंप सुरू झाला. काकूंनी त्यांच्या गुडघ्याला हात लावला. "अहो, जबडा." काका उठून आपल्या खोलीतून जबडा घालून आले तोवर काकू त्याच ओळीवर थांबल्या होत्या.

तेव्हापासून जेवणं झाली की काका जबडा घालूनच त्या खोलीत जाऊन बसतात. खुनी कोण ते त्यांना बहुतेक वेळा लवकर कळतं, पण सांगायला गेलं की त्यांचं बोलणं काकूंना कळत नाही आणि त्या म्हणतात, "थांबा, पुढे ऐका." प्रकरण संपलं की ते आपल्या खोलीत येतात आणि पलंगाच्या एका बाजूला, दुसरी बाजू मोकळी सोडून, आडवे होतात. जागं राहायचं असं रोज ठरवतात. पण जबड्याचं काम चोख आहे. श्वास सरळ चालतो, डोळे जड होतात, आणि एकदम सकाळच होते.

"आलीस काल?" चहा घेताना ते विचारतात.

"आले होते," काकू म्हणतात. "उताणे झाला होतात. कुशीवर वळवलं."

"मग?"

"मग वळलात. माझा हात धरून ठेवला होतात थोडा वेळ."

काकांना यातलं काहीही आठवत नाही. हाताकडे ते एकदा बघतात. दात अजून नीट जुळलेले नसतात, त्यामुळे पहिला घोट जपून घ्यावा लागतो.

"आज जागा राहतो," ते म्हणतात.

"राहा," काकू म्हणतात.